डब्याला हवा लागू दे

पुणे,
बुधवार, रात्री

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव मुद्दाम घातलेलं नाही. होस्टेलवर आलेली पाकिटं कुणाच्याही हाती पडतात, आणि तू मला जे लिहिलंस ते तुझ्या-माझ्यातच राहायला हवं.

तुझं पत्र काल दुपारी आलं. एका बैठकीत वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोन वर्षांत १७ वेळा ‘संत तुकाराम’ पाहिलास, तोही मोबाइलवर, पांघरुणात, कानात इअरफोन घालून. शेजारच्या खाटेवरच्या मित्राने विचारलं तर म्हणालास, मॅच बघतोय. एकदा त्याने गमतीत इअरफोन ओढला, टाळांचा आवाज आला, तेव्हा जाहिरात लागली असं सांगून वेळ मारून नेलीस. आणि पत्राच्या अगदी शेवटी तीन शब्दांचा प्रश्न: "मी ढोंगी आहे?"

नाहीस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

मला थोडा अंदाज आला होता. जुनी रीळं कशी जपतात ते दाखवायला मी तुमच्या कॉलेजात आले होते, त्या दिवशी सगळी मुलं चहाला गेली आणि तू टेबलापाशी घुटमळत राहिलास. "प्रभातच्या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह अजून आहेत का हो, मावशी?" असं विचारलंस, ‘संत तुकाराम’ ज्या कंपनीने काढला तिच्याबद्दल. विचारताना माझ्याकडे बघत नव्हतास, रिळाकडे बघत होतास. नुसती माहिती हवी असणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघून विचारतो. तू एखाद्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारलंस.

तुझ्या पत्रात दोन भीती आहेत आणि तू त्या एकाच दोरीत बांधल्या आहेस. आधी त्या सोडवून वेगळ्या ठेवू. पहिली भीती मित्रांची. दर शनिवारी तुम्ही मुलं जमून परदेशी दिग्दर्शकांचे सिनेमे बघता, त्यावर रात्र रात्र बोलता, आणि तिथे १९३६ सालचा मराठी संतपट मनात जपून ठेवलाय असं सांगितलं तर हसतील. दुसरी भीती घरची, आणि माझ्या मते हीच जास्त खोल आहे. बार्शीला वडिलांना कळलं तर ते रागावणार नाहीत, उलट आनंदाने गावभर सांगतील की पोरगा मार्गाला लागला. दर एकादशीला फोन येईल. आणि तू तर देव मानत नाहीस. हसणाऱ्यांना एक वेळ तोंड देता येतं, पण चुकीच्या कारणासाठी झालेलं कौतुक सोसणं फार अवघड. मित्र तुझ्या प्रेमाला कमी लेखतील, वडील त्याला दुसरंच नाव देतील. दोन्हीकडे ती गोष्ट तुझी राहणार नाही. म्हणून तू ती लपवलीस. यात ढोंग कुठे आलं? सांभाळायची वस्तू माणूस आत ठेवतोच.

तरीही तुझ्या पत्रातल्या दोन जागा मला टोचल्या. त्या सांगायच्या तर आधी माझी गोष्ट सांगावी लागेल. ती मी फार कमी माणसांना सांगितली आहे.

मी सात वर्षांची असताना हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावच्या जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बायका, खाली मातीवर बसायचं, घरून आणलेलं पोतं अंथरून. आजी मला मांडीत घेऊन बसली होती. माझी आजी माळकरी, पहाटे हरिपाठ म्हटल्याशिवाय चुलीला हात न लावणारी. पडद्यावर पोर आजारी पडलं आणि तुकोबांची बायको जिजाई त्याला ओढत देवळात घेऊन गेली, वहाण हातात घेऊन विठोबापुढे उभी राहिली. मला वाटलं आता आजी कानांवर हात ठेवणार. तर आजी हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि शेजारच्या सगळ्या बायकाही. देवाशी इतकं मोकळं भांडता येतं आणि तरी तो आपलाच राहतो, हे मला त्या रात्री कळलं. अर्थात तेव्हा ते शब्दांत सांगता आलं नसतं. तेव्हा फक्त आजीचं पोट हसताना हलत होतं, ते माझ्या पाठीला जाणवत होतं.

पुढे मी शिकायला पुण्यात आले. २३ वर्षांची असेन. सिनेमे बघणारा एक गट होता, तुमच्या शनिवारच्या गटासारखाच. हुशार मुलं-मुली, सगळ्यांनी खूप वाचलेलं. त्यांच्यात मला जागा हवी होती. एकदा तिथे ‘संत तुकाराम’ दाखवला. शेवटी गरुडाचं विमान येतं आणि तुकोबा वैकुंठाला निघतात, तिथे कोणीतरी मागून काहीतरी बोललं आणि खोली हसली. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते कोणाला दिसू द्यायचे नव्हते.

आजीला जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं.

त्यानंतर ११ वर्षं मी तो सिनेमा पाहू शकले नाही. पाहायला बसले की गरुड येण्याच्या आधीच मला माझं ते हसणं ऐकू यायचं. मी माझं गुपित सांगितलं असतं तर चार दिवस चिडवलं असतं आणि विसरले असते. गप्प बसले असते तर काहीच बिघडलं नसतं. मी तिसरीच गोष्ट केली, ते माझं नाहीच असं दाखवलं. म्हणून "मॅच बघतोय" हे वाचून मी थांबले. लपवणं आणि नाकारणं यांत फार अंतर नाही, पण जे आहे ते महत्त्वाचं आहे. मित्राने विचारलं, काय बघतोस, तर "एक जुना सिनेमा" म्हण. कोणता? "मला आवडणारा." एवढं पुरे आहे. खरं तेवढंच बोल, थोडं बोल. कोणालाही तुझ्याकडून पुढचं उत्तर मागायचा हक्क नाही. पण जाहिरात होती असं म्हणू नकोस. खोटं ज्याला सांगितलं तो विसरून जातो. सांगणाऱ्याच्या मनात मात्र ते राहतं, हे मी अनुभवाने लिहिते आहे.

आता दुसरी जागा. तिच्यासाठी माझ्या कामाकडे यावं लागेल.

तीसेक वर्षं मी जुन्या फिल्म तपासायचं काम केलं. पांढरे सुती हातमोजे घालायचे, रीळ रिवाइंडरवर चढवायचं, खालून दिवा, हातात भिंग, आणि फुटाफुटाने फिल्म पुढे सरकवायची. कडेची भोकं फाटलीत का, जोड सुटलाय का, फिल्म आक्रसली आहे का, सगळं वहीत टिपायचं. ३५ मिलिमीटरचं हजार फुटांचं एक रीळ पडद्यावर जेमतेम ११ मिनिटं चालतं, टेबलावर ते तपासायला कधी कधी अख्खी दुपार जाते. सेकंदाला २४ चित्रं, आणि तुझ्यासमोर ती एकेक थांबलेली असतात. सिनेमावर प्रेम करण्याची याहून सावकाश रीत मला माहीत नाही.

नवीन माणसाला वाटतं की फिल्म जपायची म्हणजे डब्यात घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि कुलूप. मलाही तसंच वाटायचं. अंधार हवा, गारवा हवा, कोरडेपणा हवा, हे सगळं खरं. पण ॲसिटेटची फिल्म हवाबंद डब्यात ठेवली तर ती लवकर मरते. कुजायला लागली की तिच्यातून आम्ल सुटतं, ते बाहेर जाऊ शकलं नाही की त्याच फिल्मला आणखी कुजवतं, त्यातून आणखी आम्ल. डबा उघडला की शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास नाकात जातो. नायट्रेट या त्याहून जुन्या जातीच्या फिल्मचंही तेच, तिचे वायू आत कोंडले की ती अधिकच लवकर नासते. म्हणून डब्याला हवा जायला वाट ठेवतात आणि ठरावीक काळाने डबा उघडून, रीळ उलगडून पुन्हा गुंडाळून ठेवतात. अंधारात ठेवायचं, पण कोंडायचं नाही.

तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर मला तो वास आला. तू लिहिलंस, "त्यांना काय कळणार आहे? त्यांच्या डोक्यावरून जाईल." आणि पुढे शनिवारच्या गटातल्या एका मुलाबद्दल दोन ओळी, ज्या मी इथे पुन्हा लिहीत नाही. हे तू रागाने लिहिलं असशील. पण बघ, अजून त्यांच्यापैकी एकानेही या सिनेमाबद्दल एक शब्द उच्चारलेला नाही. तुझ्या मनातच ते हसले, तुझ्या मनातच तू दुखावलास आणि तुझ्या मनातच तू त्यांना अडाणी ठरवून मोकळा झालास. गुपित कोंडलं की असं होतं. आपल्याला जे आवडतं ते हळूहळू बाजूला पडतं आणि ते फक्त आपल्यालाच कळतं याचीच गोडी लागते. तो गर्व फार हळू चढतो, आतल्या आत, आणि ज्या गोष्टीला जपायला म्हणून झाकण लावलं तिलाच खातो.

तुझा सिनेमा हेच तर सांगतो, आणि तेही पहिल्या काही मिनिटांत. तुकोबा विठ्ठलासमोर बसून अभंग गातात, डोळे मिटलेले, आवाजात कसलीही कारागिरी नाही. लगेच तोच अभंग सालोमालो, तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा, गातो, ताना घेत, हातवारे करत, समोरच्या माणसांकडे बघत. शब्द तेच आहेत. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी काही समजावून सांगितलेलं नाही, फक्त दोन्ही शेजारी ठेवले आहेत. मी कित्येक वर्षं असं समजत होते की सालोमालो म्हणजे प्रदर्शन मांडणारा आणि तुकोबा म्हणजे लपवणारे. पुढे टेबलावर पुन्हा पुन्हा बघताना लक्षात आलं, तुकोबा काही लपवत नाहीत. रस्त्यात गातात, शेतात गातात, जो येईल त्याच्या समोर गातात. त्यांना फक्त कोण ऐकतंय याची मोजदाद नसते. सालोमालोला असते. तू पांघरुणात एकटा सिनेमा बघताना मनात त्या मित्रांना समोर बसवून त्यांच्यापेक्षा आपण कसे वेगळे हे मोजत असलास, तर तूही गर्दीसमोरच बसला आहेस, बाळा. दाराला कडी असूनही.

हे लागलं असेल. पण हे तुला मीच सांगायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट. तू लिहिलंस की कधी वेळ आलीच तर व्हेनिसचं सांगशील. १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाची जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणना झाली, हे सांगितलं की हसणारे गप्प होतील. होतीलही. मान खरा आहे आणि मोठा आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण तू ते माहीत नसताना पहिल्यांदा रडलास ना? मग ढाल म्हणून ते पुढे करू नकोस. परक्या गावच्या पंचांनी चांगलं म्हटलं म्हणून आपलं माणूस आपलं होत नाही. व्हेनिसच्याही आधी, १२ डिसेंबर १९३६ ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. ती माणसं कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय येत होती. तू त्यांच्यातला आहेस.

आता देवाबद्दल. "मी मानत नाही, तरी रडू येतं, म्हणजे माझं काहीतरी खोटं आहे." तुझ्या या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. तू देव मानावास की नाही, यात मी पडणार नाही. पण या सिनेमात एकटे तुकोबा नाहीत. जिजाई आहे. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, नवरा भजनात, आणि ती म्हशीशी बोलते, चुलीशी बोलते, विठोबाला नावं ठेवते. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा पोरांच्या अंगावर एकदा तरी धड कपडा आला म्हणून ती हरखते, आणि तुकोबा तो परत पाठवतात. त्या क्षणी कोणाची बाजू बरोबर, हे मला आजही सांगता येणार नाही. सिनेमाही सांगत नाही. शेवटी विमान येतं, वैकुंठाचं बोलावणं येतं, तर ही बाई संसार टाकून जात नाही. विमान आकाशात आणि ही जमिनीवर. गौरीबाईंनी ती भूमिका केली, प्रभातमध्ये लहानसहान कामांपासून वर आलेल्या, अभिनयाचं शिक्षण न घेतलेल्या. त्यांच्या आवाजात आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांचा आवाज आहे. ज्याला देवाबद्दल शंका आहे, राग आहे, त्याच्याही वाटची जागा या सिनेमात राखलेली आहे, चांगली ऐसपैस. तू त्या जागेवर बसून रडत असशील. ते रडणं खरंच आहे.

म्हणून वडिलांची भीती थोडी कमी कर. मी त्यांना ओळखत नाही, पण कीर्तनाला जाणारा माणूस जिजाईला ओळखत नसेल असं होत नाही. त्यांना काही सांगू नकोस, पत्ता लागू देऊ नकोस, पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलास की एकदा सिनेमा लावून त्यांच्या शेजारी बस. कोणी लावला, का लावला, याची चर्चा नको. ते तुकोबांकडे बघतील, तू जिजाईकडे बघ. मध्येच कधीतरी दोघं एकाच वेळी हसाल. पुढे त्यांनी पाहुण्यांना काही सांगितलंच, तर सांगू देत. त्यांनी पाहिलेला सिनेमा ते सांगतील. तू पाहिलेला तुझ्याकडेच राहील. आमच्याकडे म्हणायचे, गावोगाव फिरते ती प्रिंट, ओरखडे तिच्यावर पडतात. निगेटिव्ह जागची हलत नाही.

मोबाइलवरून मात्र त्या सिनेमाला एकदा बाहेर काढ. दामले प्रभातमध्ये ध्वनीचं काम बघायचे आणि फत्तेलाल कलादिग्दर्शनाचं, दोघंही कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. एक हिंदू, एक मुसलमान, वर्षानुवर्षं जोडीने काम केलेले. तुकोबांचा वाडा, देहूची गल्ली, देऊळ, सगळं त्यांच्या नजरेतून उभं राहिलं आहे. ते पाच बोटांच्या पडद्यावर मावत नाही. पुण्यात कधी ना कधी मोठ्या पडद्यावर दाखवतात, लक्ष ठेव, एकटा जा. थिएटरातल्या अंधाराचं मला नेहमी अप्रूप वाटतं. शंभर माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली असतात, प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते प्रत्येकाला थोडंसं ठाऊक असतं आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. गुपित न फोडता सगळ्यांबरोबर राहण्याची एवढी चांगली सोय माणसाने दुसरी केलेली नाही. पांघरुणातला अंधार आणि तो अंधार, फरक तुझा तुलाच कळेल.

आणि अभ्यास कर. प्रेम बोलून दाखवायचं नसेल तर ते कामात घाल, त्याला कोणी नावं ठेवत नाही. तुकोबा झालेले पगनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे, हे तुला ठाऊक आहे का? तो हळुवारपणा त्यांच्या तुकोबांत कुठे कुठे उतरलाय ते शोध. केशवराव भोळ्यांच्या चाली ऐक, गाणं कुठे सुरू होतं आणि बोलणं कुठे संपतं ते पकडायचा प्रयत्न कर, बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांच्या गाथेत शोधलास का? नाही सापडणार. तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिला, आणि तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की अनेकांना तो तुकोबांचाच वाटला. आपलं लिहिलेलं दुसऱ्याचं समजलं जावं, तेही तुकोबांचं, आणि कवीने त्यात धन्यता मानावी, हे मला फार सुंदर वाटतं. सालोमालोच्या बरोबर उलट टोकाला उभा असलेला माणूस. एखाद्या साध्या दिवशी, बीजेची गर्दी नसताना, देहूला जा आणि इंद्रायणीच्या काठी बसून ये. वह्या बुडवल्या ती जागा बघ. नदी आज जशी आहे तशी बघून वाईट वाटेल, तेही वाटू दे.

या सगळ्याची एक वही ठेव. पाहिलंस ती तारीख, आणि त्या दिवशी नवीन काय दिसलं ती एक ओळ. १७ वेळा पाहिलास त्यातलं किती आठवतंय, हे लिहायला बसल्यावर कळेल.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. हे कोणाला तरी एकाला सांगावंस असं मला वाटतं. मला सांगितलंस, ते मी धरत नाही. मी म्हातारी आहे, लांब आहे, आणि माझ्याकडून हसण्याचा धोका नव्हता. तुझ्या वयाचं, तुझ्या रोजच्या पाहण्यातलं एक माणूस हवं. का, ते सांगते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट एकदा पेटली की विझत नाही, जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःतच असतो, पाणी ओतून उपयोग होत नाही. प्रभातच्या काळातलीही कितीतरी रीळं त्यात गेली. त्या दिवसांत मी घरी येऊन जेवायला बसायची आणि घास उतरायचा नाही. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर काढून वेगळीकडे ठेवल्या होत्या ते सिनेमे वाचले. जे एकाच जागी एकाच रूपात होते ते गेले. म्हणून कोणतीही मोलाची गोष्ट एकाच जागी ठेवायचं मला आता भय वाटतं. माणसाच्या मनातही आगी लागतात. एखादं वर्ष वाईट येतं, आपल्याला आपलंच काही आवडेनासं होतं, तेव्हा दुसऱ्या कोणापाशी तरी ती प्रत असावी आणि त्याने म्हणावं, अरे, तुला हे आवडायचं.

पण ते माणूस शोधायला निघू नकोस, आणि मुख्य म्हणजे कोणाची परीक्षा म्हणून त्याला हा सिनेमा दाखवू नकोस. तरुण माणसं हे हमखास करतात. आवडत्या मुलीला आवडता सिनेमा दाखवायचा आणि पडद्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत बसायचं. ती बिचारी कुठे जांभई देते, कुठे फोन बघते, आणि आपण मनात तिला नापास करतो. असं कोणावर लादू नये. सिनेमावरही लादू नये.

माझ्याबाबतीत ते कसं झालं ते सांगते. आमच्याकडे डबे उचलून आणणारे एक काका होते, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं अगदी कमी. ११ वर्षांनी तो सिनेमा माझ्या टेबलावर आला तो त्यांच्याच हातून. डबा ठेवायच्या आधी त्यांनी तो कपाळाला लावला. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. मी रीळ चढवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि मला काही दिसेना, सगळं पाण्यात गेल्यासारखं. काका गेले नाहीत. शेजारच्या स्टुलावर बसले आणि बाहेरून कोणी येत नाही ना, हे बघत राहिले. मी डोळे पुसून काम सुरू केल्यावर उठून गेले. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. पण तो डबा तपासायला निघायचा तेव्हा दुसरं कोणी आणत नसे, तेच आणत. आणि पहिल्यांदाच, त्या दिवशी, गरुडाच्या जागी मला माझं हसणं ऐकू आलं नाही. आजीचं ऐकू आलं.

असं कोणीतरी तुझ्या आसपास असेल. शनिवारच्या गटातही असेल. ज्या मुलाबद्दल तू त्या दोन ओळी लिहिल्यास, तोही असू शकेल. गरुड आला की सगळ्यांत मोठ्याने कोण हसतं ते नीट बघ, आणि घाईने त्याच्यावर रागावू नकोस.

रात्र फार झाली, हात दुखायला लागला. या रविवारी पाचच्या सुमाराला घरी ये. पोहे करीन. सिनेमाबद्दल मी काही विचारणार नाही, तुला वाटलं तर बोल, नाहीतर आपण गच्चीतली झाडं बघू. तू पत्रात विचारलंस की मला त्यातली सर्वांत आवडती जागा कोणती. इतकं सगळं लिहिलं, पण ती यात कुठेच नाही. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, काकांनाही नाही. तुलाही सांगणार नाही.

तुझी,
मावशी